आत्याचे दोन बिंदू

बासष्टाव्या वर्षी आत्याचा चष्मा सुटला, आणि ही बातमी तिने स्वतःच गल्लीभर केली.

सुईत दोरा ओवायला तिला पंचेचाळिशीपासून चष्मा लागत होता. एके दिवशी सकाळी तो नाकावर चढवला, सुई हातात घेतली, तर सगळं धूसर. चष्मा पुसला, पुन्हा पुसला, तरी धूसर. शेवटी वैतागून काढून ठेवला, तर सुईचं नेढं समोर लख्ख! दोरा पहिल्याच फटक्यात आत गेला. आत्याने तीन सुया ओवून बघितल्या, मग उगाचच चौथी ओवली.

आत्या म्हणजे रफूवाली. कसरीने खाल्लेला कोट, खिळ्यात अडकून फाटलेली शाल, विडीची ठिणगी पडलेली पँट, असं सगळं तिच्याकडे यायचं. फाटल्या जागी आधी उभे धागे भरायचे, मग आडवा धागा एकाखालून एकावरून नेत कापडच नव्याने विणायचं, ही तिची विद्या. बसायची जागा भाचीच्या लॉन्ड्रीत, काउंटरच्या डाव्या हाताला, खिडकीखाली. मागे वाफेची इस्त्री फुसफुसत असायची आणि समोर लोखंडी दांडीवर धुतलेले शर्ट टांगलेले असायचे. भाची तिला आत्या म्हणायची म्हणून गिऱ्हाइकंही आत्या म्हणायला लागली, आणि आता तर तिच्याहून दहा वर्षांनी मोठे म्हातारेसुद्धा बिनदिक्कत आत्या म्हणत.

चष्मा सुटल्याची बातमी घेऊन ती पहिल्यांदा गेली ती समोरच्या चष्मेवाल्याकडे. दुसरीकडे कुठे जाणार? चष्मा त्याच्या काउंटरवर ठेवून म्हणाली, "हा घे. भंगारात घाल. आता तुझं दुकान काही चालत नाही."

चष्मेवाला हसला नाही. "आत्या, या वयात चष्मा असा सुटत नसतो. जवळचं सुधारलं, पण लांबचं कसं आहे? माझी पाटी वाचा बरं इथून."

"तुझी पाटी मला पाठ आहे."

"मग त्या पलीकडच्या औषधाच्या दुकानाची वाचा."

आत्याने डोळे बारीक केले. पाटी होती खरी, पण धुक्यात असल्यासारखी. "रंग उडालाय तिचा," ती म्हणाली.

"गेल्याच महिन्यात रंगवलीय. आत्या, मोतीबिंदू असणार. डोळ्यातलं भिंग घट्ट व्हायला लागलं की थोडे दिवस जवळचं असं छान दिसतं. लोक खूश होतात आणि फसतात. डॉक्टरला दाखवा."

"एक गिऱ्हाईक सुटलं म्हणून तुझ्या पोटात दुखतंय," आत्या म्हणाली आणि उठली. रस्ता ओलांडताना मात्र 'मोतीबिंदू' हा शब्द तिच्या मनात घोळत होता. त्या शब्दाचं शेपूट तिच्या ओळखीचं होतं.

तिच्या घरात तो शब्द अर्धाच उच्चारला जायचा. 'बाबांना बिंदू झाला.' एवढंच. कोणता, कसा, कशामुळे, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. बाबाही रफूगारच. ती सतरा वर्षांची असताना त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला धडकायला लागला. जेवताना शेजारचा पेला कोपराने उलथायचा आणि आई करवादायची, "डोळे कुठे असतात तुमचे?" डोळे जागच्या जागी होते, समोरचा टाका न टाका दिसत होता, फक्त बाजूचं दिसत नव्हतं. पुढे ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा सगळे भोवती उभे होते, आणि बाबा म्हणाले, "दिवा लावा की." दिवा लावलेलाच होता. तेव्हापासून बिंदू म्हटलं काय किंवा ऑपरेशन म्हटलं काय, आत्याला तो दिवा आठवे.

आंधळेपणी बाबांनी तिला रफू शिकवलं. तिने भरलेली जागा ते बोटाने शोधत. सापडली की म्हणत, "उसव." तिने किती वेळा उसवलं असेल याला गणती नाही. ज्या दिवशी बोट कापडभर हिंडून रिकामं परत येई, त्या दिवशी ते म्हणत, "सापडत नाही." बस. याहून मोठी शाबासकी त्यांनी जन्मात कुणाला दिली नाही. म्हणून आत्याचा रिवाज असा पडला की काम झालं की डोळे मिटायचे आणि बोट फिरवायचं. बोटाने पास केलं तर कापड गिऱ्हाइकाच्या हाती, नाहीतर उसव.

तेव्हा डॉक्टरचं नाव काढायचं नाही, असं तिने मनोमन ठरवून टाकलं. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं, "पिकू दे, मग बघू." हे 'पिकू दे' तिने कुठेतरी ऐकलेलं होतं आणि ते तिच्या फारच सोयीचं होतं. आंबा पिकायला आठवडा लागतो, मोतीबिंदू पिकायला किती लागतो ते कुणी सांगितलेलं नाही, म्हणजे मनाला येईल तितकं थांबता येतं.

त्या वर्षात तिची एकच तक्रार होती, ती म्हणजे भाचीचा साबण. "काय ही धुलाई! सगळे पांढरे शर्ट पिवळट. स्वस्तातली पावडर आणतेस, दुसरं काय." भाची बिचारी साबण बदलून बदलून थकली. तीन कंपन्यांची पावडर झाली, नीळ झाली, तरी आत्याच्या शर्टांवरचा पिवळेपणा हटेना. बाकी गिऱ्हाइकांना तो दिसत नव्हता, हे भाचीच्या लक्षात यायला हवं होतं.

अशात आले पिपाणीवाले.

हे गृहस्थ शहराच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवत. ते वाद्य पिपाणी नव्हे, हे त्यांनी आत्याला निदान वीस वेळा सांगितलं होतं, आणि आत्याने वीसही वेळा "बरं, बरं" म्हणून त्यांना पिपाणीवालेच म्हटलं होतं. त्यांच्या कार्यक्रमाच्या गडद निळ्या कोटाला उजव्या कोपरावर झिजून भोक पडलं होतं. असा कोट आला की त्याचाच धागा आतल्या शिवणीतून काढून रफू करायचं, ही खरी रीत. पण त्यासाठी अस्तर उसवावं लागलं असतं, आणि डब्यात निळं रीळ होतंच की. आत्याने ते घेतलं, दीड दिवस खपून भोक भरलं, डोळे मिटले, बोट फिरवलं. बोटाला काही म्हणजे काही लागलं नाही. स्वतःवर खूश होऊन तिने कोट घडी केला.

चार दिवसांनी पिपाणीवाले कोट हातावर टाकून परत आले. माणूस सज्जन, आवाज चढवला नाही. "आत्या, भोक होतं तेव्हा कुणाला दिसत नव्हतं हो. मी कोपर अंगाशी धरून वाजवायचो. रफू झालं म्हणून परवा मोकळेपणी हात उचलला, आणि रंगमंचावरच्या दिव्यात अख्ख्या सभागृहाला दिसलं. मध्यंतरात आमचा ढोलवाला विचारतो, कोपराला डांबर लागलंय का?"

आत्याने कोट खिडकीत धरला. निळ्यावर निळं. तिला काही दिसेना. "कुठे आहे?" ती म्हणाली.

पिपाणीवाल्यांनी भाचीकडे बघितलं, भाचीने जमिनीकडे बघितलं. आत्याला तेवढंच पुरलं.

"बोल," ती भाचीला म्हणाली.

"आत्या, तू काळ्या धाग्याने भरलंयस," भाची म्हणाली. मग धरण फुटावं तसं तिने सगळं सांगून टाकलं. वर्षभरात आणखी तीन कपडे असेच परत आले होते. एक जांभळी शाल, एक राखी स्वेटर, एक हिरवट पँट. भाचीने आत्याला कळू न देता गिऱ्हाइकांची समजूत घातली होती आणि आपण कानाडोळा केला होता. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. चुकलंच माझं."

भाचीने रिळांचा डबा काउंटरवर उपडा केला, त्यातली सहा रिळं वेगळी काढली आणि म्हणाली, "यातली काळी कुठली आणि निळी कुठली, सांग." आत्याने हात पुढे केला. मग मागे घेतला. पंचेचाळीस वर्षं ज्या रिळांवर पोट भरलं ती सहाच्या सहा तिला एका आईची लेकरं दिसत होती. बोटाला रंग कळत नाही, हे इतकं साधं तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि पिपाणीवाल्यांसमोर आलं याचा रागही आला.

"आता हा कोट?" ती म्हणाली.

"राहू दे तुमच्याकडे," पिपाणीवाले म्हणाले. "आमचा पुढचा मोठा कार्यक्रम साडेचार महिन्यांनी आहे. तोवर मी जुना तपकिरी घालीन. पण भराल तुम्हीच. दुसऱ्या कुणाचा हात मी माझ्या कोटाला लावू देणार नाही."

हा माणूस असं बोलला नसता, तर आत्या खिडकीखालची खुर्ची उचलून आत ठेवून मोकळी झाली असती. आता कोट तिच्या गळ्यात पडला होता. दुसऱ्या दिवशी ती भाचीच्या मागोमाग डोळ्यांच्या दवाखान्यात गेली, पण जाताना बजावून गेली, "फक्त दाखवायचं. कापायचं नाही."

दवाखान्यात तिने हनुवटी एका यंत्रावर टेकवली, तोच त्यातून डोळ्यावर हवेची फुंकर आली आणि ती खुर्चीसकट मागे सरकली. "हा काय पोरखेळ?" त्यातून डोळ्यातला दाब मोजतात, असं तिला सांगण्यात आलं. मग थेंब घालून बाहुली मोठी केली, प्रखर उजेड टाकून डोळ्याच्या तळाशी बघितलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळ.

"मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे. डोळ्यातलं भिंग पिवळट तपकिरी होत चाललंय. म्हणून निळा, जांभळा, काळा यांतला फरक तुम्हाला कळत नाही, आणि पांढरं पिवळं दिसतं."

आत्याने भाचीकडे बघितलं नाही. साबणाचा हिशेब तिच्या ध्यानात आला होता.

"पिकू दे, मग बघू," ती म्हणाली.

"पिकायची वाट बघायचे दिवस गेले. उलट जास्त पिकला की काढायला कडक जातो. तुमच्या कामात अडथळा येतोय ना? मग हीच वेळ."

तेव्हा आत्याने जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "माझ्या वडिलांना बिंदू झाला होता. ऑपरेशन केलं आणि होतं तेही गेलं. मला नाही करायचं."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "कोणता बिंदू?"

"म्हणजे?"

"मोतीबिंदू की काचबिंदू?"

 बिंदूला आडनाव असतं तसं नावही असतं, हे पंचेचाळीस वर्षांत कुणी तिला सांगितलं नव्हतं.

"आधी काय होत होतं त्यांना, आठवतंय?"

मग आत्याने दाराची चौकट सांगितली, उलथणारे पेले सांगितले, समोरचा टाका दिसायचा हे सांगितलं. कुणीतरी थेंब दिले होते, तेही आठवलं. बाबांनी दोन महिने घातले आणि मग 'काही फरक पडत नाही' म्हणून बाटली खिडकीत ठेवून दिली. ती बाटली अर्धी भरलेली तशीच वर्षानुवर्षं तिथे होती, ते तिला सांगता सांगताच आठवलं.

"मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हे सगळं काचबिंदूसारखं वाटतं. त्यात डोळ्यामागची नस हळूहळू मरते, बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. दुखत नाही, खुपत नाही, आधी बाजूचं दिसणं जातं. गेलेलं परत येत नाही, म्हणून थेंबांनी फरक पडलेला दिसत नाही. थेंब उरलेलं राखायला असतात. ऑपरेशनने त्यांची नजर घेतली असेल असं मला वाटत नाही. ती आधीच गेलेली असावी."

 इतकी वर्षं ती ज्या ऑपरेशनला घाबरत होती ते बहुधा निर्दोष होतं, आणि खरा चोर खिडकीतल्या बाटलीशेजारून केव्हाच निघून गेला होता.

"आणि हा रोग घराण्यात उतरतो," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, "म्हणून विचारलं. तुमच्या डोळ्यांतला दाब हवा त्याहून जास्त आला आहे. आणखी एक तपासणी करू."

ती तपासणी म्हणजे एका पांढऱ्या वाटीत तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि बाजूला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. आत्याने श्वास रोखून बटण दाबलं. दिवे दिसले, दिसले, मग मध्येच काही क्षण काहीच आलं नाही. दिवा लागला नाही, की लागला आणि आपल्याला दिसला नाही? तेवढ्या वेळात तिला आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती वाटली.

कागद आला. डाव्या डोळ्याच्या नकाशात नाकाच्या बाजूला एक लहानसा करडा डाग होता. "सुरुवात आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अगदी वेळेवर आलात. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात, एकेक थेंब, दोन्ही डोळ्यांत. जन्मभर. दर काही महिन्यांनी दाब मोजायचा. फरक पडलेला दिसणार नाही. तरी सोडायचे नाहीत."

"म्हणजे दोन्ही बिंदू माझ्याच नशिबी?"

"हो. पण दोन्हींवर इलाज आहे."

घरी आल्या आल्या तिने परगावी राहणाऱ्या भावाला, म्हणजे भाचीच्या वडिलांना फोन लावला. "उद्याच्या उद्या डोळ्यांतला दाब मोजून ये. का म्हणून विचारू नकोस. नाही गेलास तर मी येऊन कान धरून नेईन." भाऊ अठ्ठावन्न वर्षांचा होता. तो गेला. त्याचा दाब ठीक निघाला, भाचीचाही, आणि दोघांनी दरवर्षी तपासायचं कबूल केलं.

थेंबांनी दाब खाली आला तशी उजव्या डोळ्याची तारीख ठरली. आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आत नवं भिंग बसवायचंय. लांबचं साफ दिसणारं हवं की जवळचं? बहुतेक सगळे लांबचं घेतात."

"मला सुईचं नेढं दिसलं पाहिजे," आत्या म्हणाली. "लांबचं जग चष्म्यातून बघीन. ते पळून जात नाही."

ऑपरेशनची तिने जितकी धास्ती घेतली होती, त्या मानाने ते फार थोडा वेळ चाललं. डोळा थेंबांनी बधिर केला, वर प्रखर दिवा आला, रंगीत पाण्यातून बघावं तसं काहीतरी हललं, आणि "झालं" असं कुणीतरी म्हणालं. पट्टी बांधून ती घरी आली. रात्रभर ती एकच गोष्ट घोकत होती. पट्टी निघेल तेव्हा दिवा लावायला सांगावं लागू नये.

सकाळी पट्टी निघाली. भाची समोर उभी होती. आत्याने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"दिवा मालव गं तो," ती म्हणाली. "किती उजेड आहे इथे!"

भाची हसता हसता रडली. आत्याही रडणार होती, पण डोळ्याला पाणी लावायचं नाही असं बजावलेलं होतं, आणि आपलं पाणी चालतं की नाही हे तिला विचारायचं राहिलं होतं.

लॉन्ड्रीत शिरली आणि दारातच थबकली. दांडीवरचे शर्ट दुधासारखे पांढरे होते. तिने उजवा डोळा झाकून डाव्याने बघितलं, पिवळे. डावा झाकून उजव्याने बघितलं, पांढरे. असं तिने सात-आठ वेळा केलं. मग भाचीकडे वळून म्हणाली, "वर्षभर तुझ्या साबणाला उगाच नावं ठेवली. माझ्याच डोळ्यांना धुलाई हवी होती." नंतर तिने निळा कोट मागितला आणि उजव्या डोळ्यासमोर कोपर धरलं. ते भलंमोठं काळं ठिगळ बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी ते दिसलं म्हणून इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसली.

महिन्याने डावा डोळा झाला. पुढचा महिनाभर वाकून जड उचलणं नाही, डोळा चोळणं नाही, चार-चार औषधं. आत्याने ते डोळ्यांत तेल घालून पाळलं, म्हणजे तेल सोडून बाकी सगळं घातलं. भाचीने तिच्या फोनमध्ये सकाळ-संध्याकाळ सातची घंटा लावून दिली. घंटा वाजली की हातातली सुई खाली, मान मागे, थेंब आत. फरक काहीच दिसत नव्हता. आत्या एकदाही चुकली नाही.

मग तिने कोटाचं अस्तर उसवलं. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे एकेक करून ओढून काढले, काळं सगळं उपसलं, आणि तीन दिवस खपून कोपर पुन्हा विणलं. डोळे मिटून बोट फिरवलं. मग डोळे उघडून उन्हात बघितलं. कोट दिला तेव्हा पिपाणीवाल्यांनी पैशांबरोबर दोन तिकिटं दिली. पहिली रांग.

सभागृहात आत्या लांबचा नवा चष्मा घालून बसली होती. शेजारी भाची. पडदा वर गेला, दिवे लागले, आणि पुढच्याच ओळीत पिपाणीवाले निळ्या कोटात. संगीत सुरू झालं. लोक कानांनी ऐकत होते, आत्या डोळ्यांनी. पिपाणीवाल्यांनी वाद्य उचललं, उजवं कोपर उजेडात आलं, आणि ती पुढे झुकली. आज बोट तिथवर पोचणार नव्हतं. जे काय करायचं ते डोळ्यांनीच. तिने बाही खांद्यापासून मनगटापर्यंत शोधली, पुन्हा मनगटापासून खांद्यापर्यंत शोधली, बाबा शोधायचे तशी, पैज लावल्यासारखी.

तेवढ्यात पर्समध्ये सातची घंटा वाजली. आत्याने ती झटकन बंद केली, चष्मा काढला, मान मागे टाकली आणि एकेक थेंब घातला. पलीकडच्या बाईंनी हळूच रुमाल पुढे केला. "सुरेख वाजवतात ना? मलाही भरून आलं."

"औषध आहे हो," आत्या कुजबुजली. पण रुमाल घेतला, कारण गालावरून ओघळत होतं ते दोन थेंबांच्या मानाने बरंच जास्त होतं.

तिने डोळे पुसले, चष्मा लावला आणि कोपराकडे शेवटचं एकदा बघितलं.

"काय गं?" भाचीने विचारलं. "दिसतंय का?"

"सगळं दिसतंय," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, भाचीला नव्हे, दुसऱ्याच कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाली, "सापडत नाही."